नाव वगळा

"माझं नाव त्या यादीतून वगळा," बाई म्हणाली. "हवं तर अनुदान परत घ्या."

मॅडमनी मान वर केली. कृषी कार्यालयात इतकी वर्षं काढली, पण मिळालेलं अनुदान परत करायला आलेलं माणूस त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. बाई दाराकडे तोंड करून बसली होती. नाव का वगळायचं, ते काही सांगेना.

मॅडमच्या मनात पाल चुकचुकली. अनुदान कोणाकोणाला मिळालं ते गाव आणि शेतासकट जाहीर करायचं, हे त्यांनी वरिष्ठांशी भांडून मंजूर करून घेतलं होतं. तेव्हापासून यादी लावू नका म्हणून एका बड्या बागायतदाराचे निरोप येत होते. त्याने ड्रायव्हर, स्वयंपाकी, माळी, सगळ्यांच्या नावावर अनुदान लाटलं होतं. ही त्यातलीच एक असणार, असं त्यांनी धरून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्या न कळवता तिच्या शेतावर गेल्या. शेत खरं निघालं. शेंगांचे वेल मांडवावर चढवलेले, ठिबकच्या नळ्या जागच्या जागी, बाईच्या हातांना घट्टे. गाडीचा आवाज ऐकून ती विळा घेऊनच बाहेर आली, आणि मॅडमना पाहून तिने तो खाली टाकला.

"सगळं चोख आहे तुमचं. मग घाबरता कशाला?"

"तुम्हाला नाही कळायचं, मॅडम."

मॅडमना राग आला. तुमचं नाव वगळलं तर उद्या तो बागायतदारही हेच मागेल, मग त्याला काय उत्तर देऊ, असं त्यांनी सुनावलं. बाई नुसती रस्त्याकडे बघत राहिली.

यादी कार्यालयाच्या फलकावर लागली, इंटरनेटवरही चढली. त्याच संध्याकाळी बागायतदाराचा फोन आला. तो ओरडला नाही. मॅडमची मुलगी कोणत्या शाळेत जाते, एवढंच विचारून त्याने फोन ठेवला. थोडे दिवस रजा घे, म्हणून नवरा मागे लागला. त्यांनी उडवून लावलं खरं, पण सकाळी कार्यालयासमोर एक अनोळखी गाडी उभी दिसली आणि त्यांनी आधी मुलीच्या शाळेत फोन लावला.

गाडीतला माणूस सरळ आत आला. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. मॅडमनी शिपायाला दारातच थांबायला खुणावलं.

माणसाने हात जोडले. "ताई, तुमचे आभार मानायला आलो. एवढी हिंमत कोणी करत नाही."

मॅडमचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चहा मागवला. तो लांबून, रात्रभर गाडी चालवून आला होता. अशी माणसंही असतात, या विचाराने त्यांना भरून आलं. यादीतल्या एका शेताला भेट द्यायची आहे, पण आडबाजूच्या त्या गावाचा रस्ता काही सापडेना, असं तो म्हणाला. शेताचा नंबर त्याला पाठ होता. मॅडमनी उत्साहाने समजावलं: कालव्याच्या पुलावरून डावीकडे वळायचं, पुढे शेंगांचा मांडव लागतो.

"नात्यातल्या आहेत का?" त्यांनी सहज विचारलं.

त्याने चहा संपवला, कप अलगद बशीत ठेवला.

"बायको आहे माझी," तो म्हणाला. "पळून गेली तेव्हापासून शोधत होतो."