काउंटरवरचा प्रश्न

औषधांच्या दुकानात काउंटरमागे त्याची हयात गेली होती. बाई दुखण्यावरची जालीम गोळी मागायला आली, की तो आधी विचारायचा, “ताई, दिवस गेलेत का?” हो म्हणाली, की स्ट्रिप परत खणात. आठव्या महिन्यात बायकोची दाढ ठणकू लागली. “अहो, दाताच्या डॉक्टरकडे जाऊ या,” ती गाल धरून म्हणाली. “अवघडलेल्या अंगानं कशाला? घरचं दुकान काय कामाचं?” त्यानं लाडानं तीच स्ट्रिप आणून दिली, पंधरवडाभर ती गोळ्या गिळत राहिली. आज सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरबाई थबकल्या. “पोटातलं पाणी आटलंय. काही गोळ्या घेत होतात?” बायकोनं पर्समधून रिकामी स्ट्रिप काढली. “ह्यांनीच दिल्यात. ह्यांना सगळं कळतं.” नाव वाचून डॉक्टरबाई म्हणाल्या, “बाळाचे ठोके लागत नाहीत.” काउंटरवरचा प्रश्न त्यानं घरी विचारलाच नव्हता, उत्तर ठाऊक होतं म्हणून.