चार गिअर मागे

आईच्या जुन्या गाडीसाठी मुलाने परस्पर गिऱ्हाईक ठरवलं, तेव्हा ती चिडलीबिडली नाही. "गिअरबॉक्स खरखरतोय, तेवढा खोलून नीट करते," एवढंच म्हणाली. मुलगा खूश झाला. मग पंधरवडाभर जेवणाच्या टेबलावर गिअरबॉक्स पसरलेला आणि घरातले सगळे मांडीवर ताट घेऊन जेवतायत.

गिऱ्हाईक आलं. ऐटीत गाडीत बसलं, पहिला गिअर टाकला, तर गाडी मागे जाऊन कुंडीवर आदळली. दुसरा टाकला, तर आणखी जोरात मागे. पुढे जायला गाडी तयार होती ती फक्त रिव्हर्समध्ये. किल्ली मुलाच्या हातात कोंबून गिऱ्हाईक जे गेलं, ते वळूनही बघेना.

मुलाने कपाळाला हात लावला. "आई, आतलं मोठं दातेरी चक्र उलट्या बाजूला बसवलंस तू! तरी सांगत होतो, या वयात नाही जमायचं."

आई रॉकेलच्या फडक्याने बोटं पुसत होती. "पुन्हा खोलते. त्यात काय?"

"आणि पुन्हा उलटंच बसलं तर?"

"पुन्हा मला न विचारता गिऱ्हाईक आणलंस, तर बसणारच." तिने फडकं खांद्यावर टाकलं. "अरे, सरळ बसवायला मला दोन दिवस रग्गड होतात. हाताची सवय मोडून उलटं बसवायचं होतं, म्हणून तर पंधरवडा गेला."