आपली आपण चालणारी फाइल

दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरने सुनेची फाइल पुन्हा एकदा नाकारली तेव्हा सासरे काच पुसत होते. राहू दे, म्हणाले, म्हातारं माणूस आणि म्हातारं मशीन, दोघांनाही नवं चटकन पचत नाही.

बाहेर सामानाची गाडी भरून उभी होती आणि नवरा दोऱ्या आवळत होता. दुसऱ्या शहरात दोघांना नोकरी लागली होती, आता निघायचंच होतं. त्याआधी सुनेला एवढं एक काम उरकायचं होतं. सासऱ्यांचं फ्रेमचं दुकान. चित्रांची मापं टाकली, की लाकडाची लांब पट्टी कुठेकुठे कापली तर कमी तुकडे वाया जातील हे सांगणारा एक छोटा प्रोग्राम तिने त्यांना लिहून दिला होता. पण तो चालायचा तिच्या लॅपटॉपवर, आणि लॅपटॉप तर तिच्याबरोबर निघाला होता.

प्रोग्राम तसा हातभरही नव्हता. पण आकडेमोडीला एक लायब्ररी, पडद्यावर पट्टीचं चित्र काढायला दुसरी, त्या दोघींना लागणाऱ्या आणखी काही, असं इतरांनी लिहून ठेवलेलं बरंच काही हाताशी धरून तो चालायचा. दुकानात यातलं काहीच नव्हतं, इंटरनेटही नव्हतं. म्हणून काल घरी बसून तिने सगळं एकत्र बांधलं आणि त्याची एकच फाइल केली. दोनदा टिचकी मारली की चालू, बाकी काही लागायला नको. ती फाइल केवढी झाली ते ऐकून सासऱ्यांनी तोंडात बोट घातलं होतं. स्वतःचं काम चिमूटभर आणि लवाजमा गावभर, असं त्यांचं मत पडलं.

आणि आता तीच फाइल हटून बसली होती. सून थोडा वेळ स्वतःवर चिडली, मग कपाळावर हात मारून हसली. फाइल तिने बांधली होती आपल्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर, त्यामुळे बरोबर आलेला सगळा लवाजमाही नव्या मशीनच्या मापाचा होता. जुन्या मशीनवर चालवायची फाइल जुन्या मशीनवर बसूनच बांधावी, हे ऑफिसात नव्याने आलेल्या प्रत्येकाला तीच बजावायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तिने कीबोर्डवरचा भुसा फुंकून उडवला, फोनचं इंटरनेट जोडलं आणि त्या मशीनला झेपतील अशा जुन्या लायब्रऱ्या उतरवून घ्यायला लागली. नवरा दारात डोकावला, अजून किती वेळ म्हणून. सासऱ्यांनी त्याला परस्पर पिटाळलं. गाठी सैल दिसतायत म्हणे, पुन्हा बांध. गाठी चांगल्या घट्ट होत्या.

हे सासऱ्यांचं असंच होतं. कारणाशिवाय कुणाला फोन करणं त्यांना जन्मात जमलं नाही, सख्ख्या मुलालासुद्धा नाही. सुनेशी मात्र त्यांचं रोज बोलणं व्हायचं, कारण रोज मापं असायची. संध्याकाळी दुकान बंद करून आले की ते तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसत. मापं हां हां म्हणता संपत, आणि मग गिऱ्हाइकांच्या गमती निघत. कुणी चित्र उलटं लावून नेलं आणि तेच जास्त चांगलं दिसतं म्हणून तसंच ठेवलं, कुणाला आजोबांच्या फोटोला आजोबांपेक्षा रुंद पट्टी हवी होती. सुनेला ती वेळ फार आवडायची. ती आता संपणार याचं तिला सकाळपासून वाईट वाटत होतं, पण हाताला काम होतं म्हणून ते तिने बाजूला ठेवलं होतं.

फाइल चालली. सासऱ्यांनी स्वतः मापं टाकली आणि पडद्यावर पट्टी उमटली, कापायच्या खुणांसकट. सुनेने फोन काढून घेतला, तरी चालली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, तरी चालली.

"झालं, बाबा," ती हात झटकत म्हणाली. "आता कुणाला काही विचारायला नको. सगळं आतच आहे."

"कधीच अडणार नाही?"

"कधीच नाही."

"छान झालं," म्हणाले ते, आणि पुसून झालेली काच पुन्हा पुसायला लागले.

बाहेर हॉर्न वाजला. सुनेने पाया पडायला वाकावं तशी वाकून जमिनीवरची पिशवी उचलली, दारापर्यंत गेली, आणि तिथे थांबली. सासऱ्यांची पाठ तिच्याकडे होती. ती परत आली, पिशवी ठेवली, स्टुलावर बसली आणि तिने प्रोग्राम पुन्हा उघडला.

"आता काय राहिलं?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"एक चूक घालायची राहिली."

आता मात्र ते वळले. टाइप करता करताच तिने सांगितलं, की मापं टाकल्यावर कधीकधी हा मध्येच थांबेल आणि एक आकडा मागेल. तो आकडा कुठेही लिहिलेला नसेल, तो तिलाच विचारावा लागेल. मग पुढे चालेल.

सासरे तिच्यामागे येऊन उभे राहिले. फ्रेमचा सांधा केसभर उघडा दिसला तरी अख्खी फ्रेम मोडून पुन्हा करणारा माणूस. पडद्यावरचं त्यांना काही कळत नव्हतं, तरी ते मन लावून बघत राहिले.

"किती वेळा अडेल?"

"आठवड्यातून एकदा."

"तू फारच पक्कं काम करतेस, सूनबाई," ते म्हणाले. "जरा कच्चं ठेव."