बटरचा कागद

"अगं, बटर काढलंस का कागदातून?" काकांनी टेबलामागून विचारलं, तेही जरा मोठ्यानंच. समोर चौदा जण वह्या उघडून बसले होते. इथे शिकवणारं कोण आणि हाताखालचं कोण, हे त्यांनाही कळायला हवं होतं.

"काढते," काकू म्हणाल्या आणि बसूनच राहिल्या. भिंतीकडेच्या स्टुलावर त्यांना जागा दिली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत बटरची दोन पाकिटं. एरवी काका उठायच्या आत बटर ताटलीत मऊ पडलेलं असायचं. आज ते तसंच बंद होतं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हा हॉल. दारावर बिस्किटांच्या वर्गाचं पत्रक चिकटवलेलं, त्यावर काकांचं नाव आणि खाली 'एकोणीस वर्षांचा अनुभव'. पत्रक छापायला जाण्याआधी काकूंनी विचारलं होतं, "खाली माझंही नाव घालता का?" काका चष्मा पुसत म्हणाले होते, "घातलं असतं गं. पण तुझं त्यात आहे काय?" आठवडा उलटला तरी ते वाक्य काकूंच्या डोक्यातून जात नव्हतं. राग आला होता, चांगला सणसणीत. एकोणीस वर्षांत एकदाही न आलेला.

तसं पाहिलं तर काकांच्या मेहनतीला नाव ठेवायला जागा नव्हती. औषधांच्या दुकानात उभा जन्म गेलेला माणूस. मैदा तोलणार तो ग्रॅमवर, साखर तोलणार ती ग्रॅमवर, फेटायला बसला की शेजारी घड्याळ. काकूंच्या वाट्याला दोनच कामं: बटर आणायचं आणि कागद काढून ठेवायचं. अगदी पहिल्या रविवारची बिस्किटं शेजाऱ्यांनी एकेक चावा घेऊन गुपचूप बशीत परत ठेवली होती. दुसऱ्या रविवारची पुरली नाहीत. "बघ, हात बसला," काका म्हणाले. काकूंनी ब्र काढला नाही. नवरा खूश तर घर खूश, असा तेव्हा त्यांचा समज होता. बाईमाणसाला असले समज फार महागात पडतात.

तो बसलेला हात एकदाच बिघडला. गेल्या वर्षी काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, त्या महिनाभर राहिल्या. काकांनी बटर स्वतः दुकानात जाऊन आणलं. चार रविवार बिस्किटं केली आणि चारही वेळा शेजारी म्हणाले, "छान आहेत हो, पण काहीतरी राहिलंय." नाचता येईना अंगण वाकडं. काकांनी मेकॅनिकला बोलावून ओव्हनची कॉइल बदलून घेतली. काकू परतल्या आणि त्याच रविवारी बिस्किटं पुन्हा झकास जमली. मग काय, येईल त्याला काका नवी कॉइल दाखवत सुटले.

आत्ताही सकाळच्या बिस्किटांचा डबा रांगेतून फिरत होता. जो तो दुसरं उचलत होता. पहिल्या रांगेत एक नर्स बसली होती, ड्यूटी संपवून तशीच गणवेशात आलेली. तिनं तोंडातला घास संपवून हात वर केला.

"काका, आमच्या घरी मिठाचंच बटर असतं. तेच घातलं तर चालेल का?"

काका हसले. हा त्यांचा आवडता प्रश्न.

"मिठाचं बटर पावाला लावायला. ज्याच्या जिभेला चव कळत नाही, त्यानं ते खुशाल बिस्किटात घालावं. माझ्या बिस्किटात मिठाचा कण नसतो. आत्ता खाल्लंत ना? ती सगळी फेटण्याची करामत." चौदा पेनं वह्यांवर वाकली. काकांना आणखी चेव चढला. "आणि शंका असेल तर मला विचारा बरं का, आमच्या हिला नको. तिला कागद तेवढा काढता येतो."

हॉलभर हशा पिकला. नर्स तेवढी हसली नाही. ती स्टुलाकडे बघत होती.

काकूंची बोटं सवयीनं पिशवीत गेली आणि पाकिटाच्या कागदाचं टोक त्यांनी धरलं. एक झटका दिला असता की झालं असतं, आजचाही दिवस निभावला असता. "तुझं त्यात आहे काय?" बोटांनी टोक सोडलं.

त्या उठल्या. गुडघा कुरकुरला, तरी भिंतीचा आधार न घेता उठल्या. टेबलापाशी येऊन त्यांनी काकांचा वजनकाटा बाजूला सरकवला आणि दोन्ही पाकिटं मधोमध ठेवली. वरची अक्षरं लोकांकडे येतील अशी.

"आज मी कागद काढलेला नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच काढा."

काकांनी पाकीट उचललं आणि त्यांचा हात तिथंच थांबला. कागदावर ठळक अक्षरांत छापलं होतं. नर्सनं ते बसल्या जागेवरून वाचलं, "मीठ घातलेलं."

काकांनी आवाज अगदी खाली आणला. "अगं, चुकीचं आणलंस."

"चुकलं नाही हो." काकूंनी आवाज मुळीच खाली आणला नाही. "त्या दुसऱ्या रविवारपासून हेच आणतेय. तुम्ही उठायच्या आत कागद तेवढा मी कचऱ्याच्या डब्यात तळाशी घालत होते."