धुरपदाची कोंबडी

प्लेगच्या साली माझी धुरपदा गेली. त्यानंतर लेक सरू पहिल्यांदाच माहेरी आली, तर तिला घास उतरेना. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आबा, आईसारखी कोंबडी कराल का?"

धुरपदा आपला खानदेशी काळा मसाला दह्यात कालवून कोंबडीला लावायची आणि मोगलाई पद्धतीने सळईवर, निखाऱ्यांवर भाजायची. ही भाजणी तिला शेजारच्या खैरूनबीने शिकवलेली. मी कधी चुलीपाशी बसलो नव्हतो, तरी अंगणात निखारे केले.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून खैरूनबी बोलली, "भाऊ, मसाला जळतोय. सळई वर घ्या."

मी घेतली.

"आता तूप सोडा." मग बऱ्याच वेळाने, "बस, उतरवा. झाली धुरपदाची."

सरूने घास घेतला आणि तिचे डोळे भरले. "आईचीच आहे," म्हणाली आणि पान पुढे ओढलं.

मी भिंतीपाशी गेलो. "भाभी, तिच्या हातची चव तुम्हाला बरी आठवते."

"चव कुठली, भाऊ? तुमची कोंबडी हलाल नाही, अन् ती माझ्या घरचं खायची नाही. बीस साल आम्ही दोघींनी नुसत्या वासावर पकवलं."