चार वेळा व्यालेली

मशीनने गठ्ठा बाहेर ढकलला तेव्हा मावशींना त्याच्या कडेला, दोन पुठ्ठ्यांच्या फटीत, पिवळी शेपटी दिसली. बोटाएवढी.

त्यांनी बटण बंद केलं. गोदामात एकदम सामसूम झाली. अकरा वर्षं रद्दी दाबायचं मशीन त्यांच्याच हाती होतं. चालू करण्याआधी आत वाकून बघायचं, हा त्यांचा नेम. आज ट्रक दारात लागला होता, सुपरवायझर डोक्यावर बसला होता. आज त्या वाकल्या नव्हत्या.

"चढवा, चढवा," सुपरवायझर म्हणाला.

"गठ्ठा सोडायचाय."

"मावशी, मांजराची पिल्लं ती. त्यासाठी ट्रक थांबवू?"

मावशींनी पक्कड घेऊन तारा तोडल्या. गठ्ठा फुगून सुटला. तीन निघाली, सव्वा महिन्याची. मांजरी कुठूनशी आली. तिने एकेकाला हुंगलं आणि मधल्याला चाटायला लागली. चाटून झालं की थांबायची, उठतंय का बघायची, पुन्हा चाटायची.

मावशींना ते बघवेना. त्यांनी तिला उचलून खोक्यात घातलं आणि सुपरवायझरच्या समोरून तडक बाहेर पडल्या.

प्राण्यांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. तिथली तरुण डॉक्टरीण वर्षभरापूर्वी पिंजरा घेऊन गोदामात आली होती, मांजरीला नसबंदीच्या ऑपरेशनला न्यायला. मावशींनी तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. "बाईच्या जातीच्या पोटावर सुरी फिरवता, काही वाटतं का तुम्हाला?"

डॉक्टरिणीने ती आठवण काढली नाही. तिने मांजरीचं पोट चाचपलं. मग पुन्हा चाचपलं.

"हिला परत दिवस गेलेत."

"अहो, काल तर पिल्लं पीत होती!"

"पीत असली तरी राहतात, मावशी. किती वेळा व्याली आतापर्यंत?"

मावशींनी बोटं मुडपायला सुरुवात केली. "पहिली बोक्याने मारली. दुसरी कुत्र्यांनी. तिसऱ्या वेळची दोन ट्रकखाली गेली, एक नुसतंच वाळत वाळत गेलं. आणि ही..." चौथं बोट मुडपलं नाही.

"म्हणजे एकही जगलं नाही."

मावशींनी मुडपलेली तीन बोटं सोडली.

"आता ऑपरेशन केलं तर पोटातली जातील. पण नंतर हा फेरा संपला. नाही केलं तर ही पाचव्यांदा व्याईल. हिची हाडं बघा, आहे का तेवढा जीव? तुम्ही म्हणाल तसं."

मावशींनी मांजरीचे पुढचे पाय मुठीत धरले. तिने हात ओरबाडला, तरी सोडले नाहीत.

"करा. सुई टोचा, मी धरते."

दुपारी मांजरी टेबलावर आडवी होती, चारी पाय ताणून, गुंगीत. डॉक्टरीण हात पुसत म्हणाली, "संध्याकाळपर्यंत इथेच राहू दे तिला. तुम्ही जा कामाला."

"बसते जरा. अशी पाय पसरून झोपलेली मी हिला कधी पाहिलीच नाही."

टाक्यांच्या दोन्ही बाजूंनी अजून दूध झिरपत होतं. मावशी कापसाने टिपत राहिल्या.