गिरणी तीन दिवस बंद

बेबीनंदा जिना चढून दारात उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात फडक्यानं झाकलेलं पातेलं. शिवकन्याला वाटलं, शेजारणीनं प्रवासासाठी काही करून आणलं. तिनं खुशीत फडकं उचललं. आत पिठलं होतं, वर भाकरी.

बेबीनंदानं तिचा हात धरला आणि हलक्या आवाजात विचारलं, "वैनी, कोण गेलं?"

शिवकन्याला काही कळेना. तिनं जिन्यातून खाली पाहिलं. गिरणीच्या ओट्यावर गल्लीतली पाच-सहा माणसं पांढऱ्या टोप्या घालून गुमान बसली होती. पातेल्यातल्या पिठल्याचा अर्थ तिला तेव्हा लागला. ज्या घरात मयत होते तिथं चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी देतात.

सगळा दोष गिरणीच्या दारावर लावलेल्या पाटीचा होता. पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला होता, पुढे शनिवार-रविवार. शिवकन्यानं चिखलदऱ्यातली खोली आधी ठरवली आणि नवऱ्याला नंतर सांगितलं. हे शहाणपण तिला अनुभवानं आलं होतं. आधी म्हैसमाळ ठरलं होतं, मग लोणार. दोन्ही बेत अंगदनं एकाच वाक्यात मोडले होते. "गिरणी कोण बघणार?"

खरं कारण वेगळं होतं. बाप गेल्यावर वाटणी झाली. मंठ्याचं शेत थोरल्या भावाकडं, कडूबाकडं गेलं, मस्तगडातली ही पिठाची गिरणी अंगदकडं. तेव्हा कडूबा चार पाहुण्यांत म्हणाला होता, "याच्या हातानं वरीसभर चालली तरी लई झालं. कुलूप लागतं का न्हाई बघा." त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद झालं आणि अंगदनं गिरणीला कुलूप लागू दिलं नाही. अंगात ताप असला तरी पट्टा फिरायचा. दिवाळीला फिरायचा. मंठ्यात बसलेल्या माणसाला दाखवायला मस्तगडात ज्वारी दळली जात होती. त्या माणसाला ते दिसत तरी होतं का, हे अंगदनं कधी विचारात घेतलं नाही. शिवकन्या मात्र घरात बसून होती.

यंदा तो कसाबसा तयार झाला. पण फिरायला चाललो असं पाटीवर लिहायची त्याला लाज वाटली. गिरणीवाला हवा खायला निघाला म्हटल्यावर गल्ली महिनाभर हसली असती. म्हणून त्यानं लिहिलं, 'घरगुती कारणामुळे गिरणी तीन दिवस बंद.' बाप गेला तेव्हाही गिरणी तीनच दिवस बंद होती. गल्लीनं काय समजायचं ते समजून घेतलं.

अंगद पिशव्या घेऊन खाली आला तशी माणसं उठून उभी राहिली. बेबीनंदाचा नवरा रखमाजी पुढे झाला. त्यानं खांद्यावर हात ठेवला. "कोण गेलं, अंगदराव?"

खरं सांगायची वेळ हीच होती. पण टोप्या घालून झाल्या होत्या, भाकरी वर पोचली होती. एवढ्या लोकांना फुकटचं दुःख करायला लावलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"मावसा," अंगद म्हणाला. "लांब राह्यचे."

शिवकन्यानं ते जिन्यातून ऐकलं. तिला राग आला आणि रडूही आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती घराबाहेर निघाली होती, आणि तेही तोंड पाडून निघायचं होतं. तिचे डोळे पाहून जिन्यापाशी जमलेल्या बायकांना वाटलं, मावसा फार जीव लावणारे असतील. अंगदजवळ येऊन ती पुटपुटली, "गाडीत बी रडतच बसू का आता?"

"गल्ली सरली की हास," तो म्हणाला.

भाड्याची गाडी आली. अंगद पिशव्या आत ठेवत होता, एवढ्यात एक मोटारसायकल गल्लीत शिरली आणि ओट्यापाशी जवळजवळ आडवीच झाली. कडूबा होता. रखमाजीनं त्याला पहाटे फोन केला होता. कोण गेलं ते कळंना, पण गिरणी बंद हाय, एवढंच सांगितलं होतं. कडूबाच्या शर्टाच्या गुंड्या खाली-वर लागल्या होत्या. पायात चप्पल नव्हती. माणसांनी त्याला वाट दिली.

अंगद समोर दिसला तसा तो थबकला. मग जवळ आला आणि त्यानं अंगदचे दोन्ही दंड चाचपून पाहिले.

अंगदनं अंग आखडलं. कडूबाचं एक वाक्य ऐकावं लागू नये म्हणून इतकी वर्षं त्यानं गिरणी चालू ठेवली होती. ते वाक्य आता येणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानंच आधी तोंड उघडलं. "लागलं कुलूप. बोल, काय बोलायचं ते."

"कुलपाला काय करू?" कडूबाचा आवाज फुटला. "मला वाटलं, तूच गेला."

बेबीनंदानं पुढे होऊन त्याची समजूत घातली. "तुमचे मावसा वारले ना, भाऊ."

"कोणते मावसा?" कडूबानं डोळे पुसले. "आमच्या मायला बहीणच न्हाई."

सगळ्या टोप्या अंगदकडं वळल्या. तो भावाकडंच बघत होता.

"कुणी न्हाई गेलं, दादा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. "आमी दोघं चिखलदऱ्याला हवा खायला जाऊन राह्यलो. गाडीत जागा हाय. बस."